कोबीचे टन मोजण्याआधी : स्वयंपूर्ण मित्रांना खुले पत्र

गोव्यातील 191 पंचायतींत आणि नगरपालिकांत नेमलेल्या सर्व स्वयंपूर्ण मित्रांना,

सप्रेम नमस्कार.

1 ऑक्टोबर 2020 रोजी राज्य सरकारचे ‘स्वयंपूर्ण गोवा’ अभियान सुरू झाले, तेव्हापासून तुम्ही आपली कचेरीतली कामे सांभाळून गावोगाव फिरता. कोणाची पेन्शन अडलेली असते, कोणाचे कृषी कार्ड निघालेले नसते, ती कामे तुमच्यामुळे मार्गी लागतात. त्या कामाविषयी माझी काडीची तक्रार नाही. हे पत्र तुमच्या दुसऱ्या कामाविषयी आहे. ‘बेळगावच्या भाजीवर किती दिवस जगणार, गावाने आपली भाजी आपणच पिकवली पाहिजे’ असे तुम्ही पंचायतीत सांगता, त्याविषयी.

मी फोंडा तालुक्यात अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे प्रकरण आले की वर्गात कोणीतरी विचारतेच, ‘टीचर, पुस्तक म्हणते व्यापार करा, सरकार म्हणते स्वयंपूर्ण व्हा. पेपरात काय लिहू?’ पेपरात पुस्तकातले लिही, एवढे सांगून वेळ निभावते. पण प्रश्न खरा तुमच्यासाठी आहे. मुलांना त्याचे गुण मिळतील. तुमच्या उत्तरावर लोकांची शेते आणि सरकारचा पैसा ठरणार आहे.

अॅडम स्मिथने 1776 मध्ये सांगितलेले कोणालाही पटते. बाहेर जे स्वस्तात मिळते ते हट्टाने घरी महागात करू नये. घाटावरच्या कोरड्या थंडीत कोबी-फ्लॉवर जसा भरतो तसा आमच्या जांभ्या मातीत आणि दमट हवेत भरत नाही. आमच्यासारखा नारळ त्यांच्याकडे होत नाही. अदलाबदल केली की दोघांचे भले. याला निरपेक्ष लाभ म्हणतात आणि इथपर्यंत ग्रामसभेतही कोणी वाद घालणार नाही. वाद पुढे आहे. समजा आपण सगळ्याच बाबतींत दुसऱ्याच्या मागे आहोत. त्याला कोबीही जास्त जमतो आणि काजूही. मग त्याने आपल्याशी व्यापार का करावा आणि आपण काय विकावे?

याचे उत्तर डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये दिले. लंडनच्या शेअर बाजारात पैसा कमावून मग अर्थशास्त्राकडे वळलेला हा माणूस. उदाहरणासाठी त्याने इंग्लंडच्या जोडीला नेमका पोर्तुगाल घेतला. (त्याचे पूर्वजही मुळात पोर्तुगालमधून परागंदा झालेले ज्यू. आम्हा गोवेकरांना पोर्तुगाल कुठे ना कुठे भेटतोच.) त्याच्या आकड्यांप्रमाणे ठरावीक कापड तयार करायला इंग्लंडमध्ये 100 माणसांची वर्षभराची मेहनत लागते आणि त्याच्या बदल्यात मिळणारी वाईन तिथेच करायची म्हटली तर 120 माणसांची. पोर्तुगालमध्ये तेच कापड 90 माणसांत होते आणि वाईन 80 माणसांत. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही त्याने वाईनच करावी, कारण 80 माणसांची वाईन देऊन त्याला ते कापड मिळते ज्याला घरी 90 माणसे लागली असती. इंग्लंडने 100 माणसांचे कापड देऊन 120 माणसांची वाईन मिळवली. दोघेही फायद्यात. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात.

आता घरचे उदाहरण. आकडे मी फळ्यावर लिहिण्यासाठी बेतलेले आहेत, ते कोणाच्या शेतात शोधू नका. समजा, बेळगावजवळच्या खानापूरकडचा शेतकरी दिवसभर राबून 60 किलो कोबी काढू शकतो किंवा 6 किलो काजू. आमच्या सत्तरी तालुक्यातला शेतकरी दिवसभरात 20 किलो कोबी किंवा 5 किलो काजू. दोन्हींत खानापूर पुढे. पण खानापूरवाल्याला एक किलो काजूसाठी 10 किलो कोबीवर पाणी सोडावे लागते, सत्तरीवाल्याला फक्त 4 किलोंवर. एक किलो काजूला 7 किलो कोबी असा सौदा ठरला, तर सत्तरीवाला 5 किलो काजू देऊन 35 किलो कोबी घरी नेतो. स्वतः पिकवला असता तर 20 मिळाला असता. खानापूरवाल्याला 60 किलो कोबीच्या बदल्यात साडेआठ किलोंच्या आसपास काजू मिळतो. स्वतः काढला असता तर सहा. कोणी कोणाला फसवले नाही, कोणी उपकार केले नाहीत.

तुमच्या अहवालात या गावात इतके हेक्टर भाजीखाली आले, इतके टन कोबी निघाला, असे आकडे असतात. त्या कोबीसाठी काय सोडले, हे त्यात नसते. अर्थशास्त्रात याला वैकल्पिक खर्च म्हणतात आणि रिकार्डोचा सगळा डोलारा त्याच एका खांबावर उभा आहे. अनुदानाचे बियाणे, अनुदानाचे पॉवर टिलर, अनुदानाचे कुंपण यांच्या जोरावर गोव्यात काय वाटेल ते पिकवता येईल. पिकवता येते म्हणून परवडते असे नाही.

आणि इथे एक गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिली असणार. सोडले जाते ते बहुतेक वेळा दुसरे पीक नसतेच. शेत पडीकच होते. मग ते पडीक का होते? ग्रामसभेत दोष बेळगावच्या स्वस्त भाजीला दिला जातो. मला तसे वाटत नाही. त्या शेतातला मुलगा कळंगुटला हॉटेलात लागला, वेर्णा वसाहतीत कारखान्यात गेला, बोटीवर गेला, आखातात गेला किंवा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला. एका दिवसाच्या कष्टाचे मोल त्याला तिथे जास्त मिळते. आमच्या भाजीची खरी स्पर्धा गोव्याच्याच पगाराशी आहे. उद्या चोर्ला आणि अनमोड दोन्ही घाट बंद केले तरी तो मुलगा कोबी लावायला परत येणार नाही; फक्त त्याच्या आईला कोबी महाग मिळेल.

रिकार्डोने एक अट घातली होती, ती बारावीच्या पुस्तकात जेमतेम एका ओळीत उरली आहे. भांडवल आणि माणसे एका देशातून दुसऱ्या देशात सहज जात नाहीत, असे त्याने धरले होते. ती मोकळेपणाने गेली असती तर कापड आणि वाईन दोन्ही पोर्तुगालमध्येच झाली असती, असे तो स्वतःच सांगतो. गोवा आणि बेळगाव हे दोन देश नाहीत. खानापूरचा मजूर सकाळच्या बसने इथे येऊ शकतो आणि येतो. काजूच्या कारखान्यांत, बांधकामावर, मासेमारीच्या ट्रॉलरवर, अगदी भातलावणीलाही बाहेरचे हात आहेत. म्हणजे ‘गावाने पिकवलेली भाजी’ म्हणून जी नोंद होते, तिच्यातले हात पुष्कळदा गावाचे नसतात. असे असण्यात मला काही गैर वाटत नाही. पण मग स्वयंपूर्ण कोण झाले, हे अहवालात नीट लिहा.

इतके वाचून तुम्ही म्हणाल, बाईंचे म्हणणे सरळ आहे, भाजी बेळगावची घ्या आणि गप्प बसा. तसे नाही. व्यापारात एकूण बेरीज वाढते हे रिकार्डोने दाखवले. ती वाढ कोणाच्या ताटात पडते याची हमी त्या सिद्धान्तात नाही. पोर्तुगालचेच पाहा. रिकार्डोच्या हिशोबात तो दोन्हींत सरस, पण प्रत्यक्षात वाईन-कापडाची ती वाटणी 1703 च्या मेथुएन तहाने पक्की केली होती. इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचे दार उघडले, बदल्यात पोर्तुगीज वाईनवर इंग्लंडमध्ये फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात. वाईन विकूनही पोर्तुगालला व्यवहारात तूट पडे आणि ती भरायला ब्राझीलचे सोने लंडनला जाई.

आमच्या दारातला पुरावा तर मिठाचा आहे. 1878 मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातली जकातीची भिंत पाडायची, मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर जाणारी रेल्वे बांधायची, असा तो करार. मुक्त व्यापाराच्या पुस्तकात शोभावा असा. त्यातच एक कलम होते : गोव्यातल्या मिठाचा मक्ता ब्रिटिशांकडे. पोर्तुगीज सरकारला त्याबद्दल वर्षाला चार लाख रुपये मिळाले. मिठागरांवर मात्र ब्रिटिश खात्याचा पहारा बसला, उत्पादनाला मर्यादा आली आणि पिढ्यान्‌पिढ्या मीठ काढणारी माणसे मुंबईची वाट धरू लागली. 1892 मध्ये तहाची मुदत संपली. बंदर राहिले, रेल्वे राहिली, आज मुरगावातून जो माल जातो तो त्याच पायावर. फायदा झाला नाही असे कोण म्हणेल? पण आगरवाड्याच्या किंवा आरपोऱ्याच्या मिठागरातल्या माणसाला त्या चार लाखांतला रुपया मिळाला नाही. एकाचे नुकसान आणि दुसऱ्याचा नफा वेगवेगळ्या घरांत गेले आणि मधे कोणी पूल बांधला नाही.

तुमचे काम खरे तर या पुलाचे आहे असे मला वाटते. काजूपासून सुरुवात करा.

माझ्या माहेरची थोडी काजूची बागायत सत्तरीत आहे, त्यामुळे या भांडणाच्या दोन्ही बाजू कानावर पडतात. गोव्यातल्या काजू कारखान्यांना वर्षभर पुरेल इतकी बी गोव्यात होत नाही. कच्ची बी आफ्रिकेतून येते. त्यावर 2018 पासून आयात शुल्क फक्त अडीच टक्के आहे. ती आली नाही तर कारखाने बंद पडतील आणि त्यांतल्या बायकांचे काम जाईल. ती आली की बागायतदाराचा दर पडतो. सरकारने आधारभूत दर किलोला 125 वरून 150 रुपये केला तो या दाबामुळेच. गंमत म्हणजे तयार काजूगराच्या बाबतीत कारखानदार एकदम उलट बोलतो. व्हिएतनामचा यंत्रावर फोडलेला स्वस्त गर येऊ नये म्हणून 2019 मध्ये केंद्राने अख्ख्या गरावर किलोला किमान 720 रुपयांची आयात किंमत बांधली, तिचे त्याने स्वागत केले. बी यावी, गर येऊ नये. बागायतदार म्हणतो, दोन्ही येऊ नयेत. पर्यटक म्हणतो, स्वस्त द्या. प्रत्येकाचा मुक्त व्यापार आपापल्या कुंपणापर्यंत.

आणि बेनिन? पश्चिम आफ्रिकेतल्या त्या देशाने 2024 पासून कच्च्या बीची निर्यातच थांबवली. बी आम्हीच फोडू, म्हणाला. आज कोणाचा तुलनात्मक लाभ कच्च्या बीत दिसतो म्हणून त्याने जन्मभर कच्चीच बी विकावी, असे सिद्धान्तात कुठेही लिहिलेले नाही. लाभ जमिनीतून येतो तसा शिकूनही येतो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काजूचे झाड आणले, तेव्हा त्याच्या बोंडूची, म्हणजे बीला चिकटलेल्या रसाळ फळाची, दारू गाळण्यात जगात आमच्याइतके कोणी तरबेज होईल, असे कोणाला वाटले होते?

बोंडूकडेच जरा थांबते, कारण माझ्या मते गोव्याचे खरे उत्तर तिथे आहे. बी पोत्यात भरून आफ्रिकेतून गोव्याला येते. बोंडू येऊ शकत नाही. पडल्यावर एक-दोन दिवसांत तो आंबतो. म्हणून बीच्या बाजारात आम्ही साऱ्या जगाशी झगडतो, पण बोंडूच्या बाजारात समोर कोणी नाही. बोंडूच्या या दारूला, फेणीला, 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 मध्ये राज्याने तिला वारसा पेय म्हटले. जुलै 2025 मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हा केंद्रीय वाणिज्य खात्याने ब्रिटनच्या दुकानांत जाऊ शकणाऱ्या मालात फेणीचे नाव आवर्जून घेतले. त्याच करारात स्कॉच व्हिस्कीवरचे आपले 150 टक्के शुल्क आधी 75 वर आणि दहा वर्षांत 40 वर आणायचे ठरले. म्हणजे स्कॉच इकडे येणार हे नक्की. फेणी तिकडे जाणार की नाही, हे बागेतल्या भट्टीवर काय घडते त्यावर आहे. लायसन्स, बाटल्यांत भरण्याची सोय, प्रत्येक घाण्याची सारखी चव, मार्च ते मे एवढ्याच हंगामात वर्षाचा माल साठवायला भांडवल. तुमच्या पंचायतीतला भट्टीवाला या चारांपैकी कुठे अडला आहे, हे तुम्ही एका शनिवारात विचारून येऊ शकता. ते केलेत तर तुमच्या हातून कोबीपेक्षा मोठे काम होईल.

फेणी काही एकटी नाही. कोरगुट तांदूळ, खोला मिरची, हरमलची मिरची, आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी, मयड्याची केळी म्हणा की मिंडोळी, मानकुराद आंबा. या सगळ्यांना मानांकन मिळाले आहे. यांतले बहुतेक घाटावर त्या चवीचे होत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आगशीचे वांगे बेळगावच्या वांग्याहून कितीतरी चढ्या भावाने जाते आणि गिऱ्हाईक कुरकुर न करता घेते. गोव्याच्या पगारात शेती टिकायची तर एका दिवसाच्या कष्टाला इतका भाव देणारेच पीक टिकेल. कोबी तो देणार नाही. पावसाळ्यात मोरडीवर, म्हणजे उंचवट्याच्या जमिनीवर, होणारी भेंडी, दोडकी, काकडी, चिबूड देतात, कारण ती त्या दिवसांत ताजी आणि इथलीच हवी असतात.

आता तुमचे सर्वांत वजनदार म्हणणे. मार्च 2020. जनता कर्फ्यूपाठोपाठ गोवा कडकडीत बंद झाला, काही दिवस किराणा दुकानेसुद्धा उघडत नव्हती, भाजीचे ट्रक सीमेवर अडकले. ‘तेव्हा तुमचा रिकार्डो कुठे होता?’ असे कोणी मला विचारले तर मला गप्प बसावे लागेल, कारण सगळा सिद्धान्त रस्ता उघडा आहे असे धरून चालतो. त्या दिवसांत परसातली माठाची भाजी आणि वेलावरचा भोपळा ज्यांच्याकडे होता ते निवांत होते.

पण त्याआधीचा एक बंद आठवा. 1955 मध्ये भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, जमिनीवरची वाट बंद. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या ताब्यातला गोवा उपाशी मरेल असा अंदाज होता. तसे झाले नाही. मुरगाव बंदर उघडे होते. लोहखनिज आणि मँगनीज बाहेर जात राहिले आणि बदल्यात बटाटे थेट हॉलंडहून आले. त्या राजवटीचे कौतुक करायचा माझा मुळीच हेतू नाही. सांगायचे ते एवढेच की त्या काळात गोवा जगला तो स्वयंपूर्ण होता म्हणून नव्हे, दुसरी वाट होती म्हणून. 2020 मध्ये आमची सगळी भाजी एकाच बाजूच्या दोन घाटांवर टांगलेली होती. धोका बाहेरून घेण्यात कमी आणि एकाच ठिकाणाहून घेण्यात जास्त होता. सिंधुदुर्गातून, कोल्हापुराकडून येणारा माल वाढवणे, दोन-तीन आठवड्यांचा कांदा-बटाटा टिकेल अशी साठवण उत्तरेत आणि दक्षिणेत एकेक करणे, हे खर्चात प्रत्येक गावात कोबी लावण्यापेक्षा खूप हलके पडेल.

विमा म्हणून जे राखायचे ते आजच्या टनांत मोजू नका. जमीन आणि कसब राखा. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताचा, बांध एकदा फुटला, खारे पाणी शिरले, की ते शेत पुन्हा वायंगणाला, म्हणजे हिवाळी भातपिकाला, येणे कठीण. बांधातल्या मानशीचे, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी अडवणारे, दार कधी उघडायचे हे जाणणारा माणूस गेला की त्याचे ज्ञान कुठल्याच देशातून आयात होत नाही. अशा ठिकाणी अनुदान द्या, भरपूर द्या, आणि त्याला ‘उत्पादन वाढ’ म्हणू नका, विम्याचा हप्ता म्हणा. एकाच गोष्टीवर विसंबण्याचे काय होते तेही आपण पाहिले आहे. डिचोली, सांगे, केपे, धारबांदोड्याने एका कमी प्रतीच्या लोहखनिजावर सगळे लावले, ते घ्यायला चीन होता तोवर ट्रकांच्या रांगा लागल्या. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि बँकेचे हप्ते दारात उभे राहिले. खाणींच्या मातीने बुजलेली भातशेते खनिजाच्या निर्यात किमतीत कधी धरलीच गेली नव्हती.

तेव्हा मागणे थोडके आहे. पुढच्या फेरीला जाताना अहवालाच्या कागदावर ‘किती पिकले’ याच्या शेजारी दोन रकाने वाढवा. पहिला, हे पीक काढायला जे दिवस लागले ते माणसाने एरवी कुठे घालवले असते आणि किती मिळवले असते. दुसरा, या पिकात सरकारचे किती रुपये गेले. या दोन आकड्यांनंतरही जे पीक उभे राहते त्याच्यामागे पंचायतीची सगळी ताकद लावा. जे उभे राहत नाही त्याची जागा बेळगावच्या ट्रकला खुशाल द्या. आणि बाहेरच्या मालामुळे ज्याचे उत्पन्न घटले, तो काजूवाला असो की मिठागरवाला, त्याचे नाव तिसऱ्या रकान्यात लिहून वर पाठवा. ती यादी आजवर कोणी केलेली नाही. 1878 मध्येही केली नव्हती.

ग्रामसभेत हे पत्र वाचून दाखवायचे असल्यास माझी हरकत नाही. खानापूर-सत्तरीचे गणित फळ्यावर मांडून दाखवायला कोणी बोलावले तर रविवारी येईन.

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका,
फोंडा तालुका